कंट्रोलचे उंदीरच कंट्रोलमध्ये नाहीत: टीएसएच असं का नाचतंय?

पांढरा_उंदीर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचीच, एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला, फार्माकॉलॉजी. एका वनस्पतीच्या अर्काचा थायरॉइडवर काय परिणाम होतो, हा थिसिसचा विषय. (वनस्पतीचं नाव विचारू नका, गाइड रागावतील.)

पद्धत नेहमीचीच. विस्टार जातीच्या पांढऱ्या उंदरांना पिण्याच्या पाण्यातून पीटीयू, म्हणजे प्रोपिलथायोयुरासिल द्यायचं. थायरॉइड ग्रंथी दबते, रक्तातलं टी४ (या ग्रंथीचं हॉर्मोन) घसरतं आणि टीएसएच (ग्रंथीला कामाला लावणारं, मेंदूखालच्या पिट्युटरीचं हॉर्मोन) चढतं. मग अर्क देऊन फरक पडतो का ते बघायचं. पीटीयूचा गट अगदी पुस्तकात छापल्यासारखा आला. घोळ कंट्रोलच्या गटात आहे. ज्यांना काही म्हणजे काहीच दिलं नाही, साधं पाणी नि खाद्य, त्या सहा नरांचं टीएसएच सहा तऱ्हांचं! सगळ्यात खालचा नि सगळ्यात वरचा यांत जवळजवळ तिप्पट फरक. एरर बार (आकडे किती पसरलेत ते दाखवणारी रेघ) आलेखाच्या डोक्यावरून जातोय.

गाइड म्हणाले, "दोन काढून टाक, चारांत बसव." माझा हात धजावत नाहीये. एका वयाचे, एका खोलीतले, धडधाकट उंदीर असून टीएसएच इतकं कशानं हलतं? कुणी असलं काम केलंय का?

चादरवाला

काय बे, उंदरांचे पण थायरॉइडचे रिपोर्ट काढायला लागलेत का आता? आमच्या गोडाऊनमधले घेऊन जा की. फुकट देतो. पोचवतो वर.

शेंगाचटणी

हसू नका हो, मला यातलं खरंच समजून घ्यायचंय. अकरा वर्षं झाली, रोज सकाळी अनशापोटी गोळी घेते. पण टीएसएच वाढलं की थायरॉइड "कमी" कसा म्हणतात, हे अजून डोक्यात शिरलेलं नाही. शेजारच्या वहिनी छातीठोकपणे सांगतात, "आकडा वाढला म्हणजे थायरॉइड वाढला." दर सहा महिन्यांनी आमचा हाच वाद.

चादरवाला

मॅडम, आता चेष्टा सोडून सांगतो. आमच्या कारखान्यात मुकादम कधी ओरडतो? माग थंड पडले की. चादरी धडाधड उतरायला लागल्या की गडी गप्प, तंबाखू मळत बसतो. टीएसएच म्हणजे मुकादमाचं ओरडणं. माल म्हणजे तुमचं टी४. रिपोर्टात ओरडणं मोठं दिसलं म्हणजे मागावर काम होईना गेलंय. वहिनींना एकदा अक्कलकोट रोडला घेऊन या, दाखवतो.

शेंगाचटणी

अगं बाई! अकरा वर्षांत एवढं सोपं कुणी सांगितलं नव्हतं. वहिनींना आजच ऐकवते.

स्लाईडवाली

मुकादम ठीक आहे, पण त्याच्या वरही कुणीतरी आहे आणि तिथेच या धाग्याचं उत्तर असावं. ते जाणकारांनी सांगावं. मी लॅबवाली, माझे प्रश्न लॅबचे.

१. किट कुठलं? माणसाचं टीएसएच किट उंदराच्या सीरमवर (गोठलेल्या रक्तावरच्या पाण्यावर) चालवलेले थिसिस मी डोळ्यांनी पाहिलेत. टीएसएचचे दोन भाग असतात, अल्फा नि बीटा. अल्फा भाग एफएसएच आणि एलएच (प्रजननाची हॉर्मोनं) यांच्यातही तोच असतो, ओळख पटते ती बीटावरून. तो उंदराचा नि माणसाचा हुबेहूब सारखा नाही, त्यामुळे माणसासाठीच्या अँटीबॉडी उंदराचं टीएसएच धड पकडत नाहीत. आकडा येतो, पण तो कशाचा हे देव जाणे.

२. रक्त किती वाजता घेतलं? कुठून घेतलं?

३. रात्रभर उपाशी ठेवले होते का?

पांढरा_उंदीर

किट उंदराचंच आहे. सगळं सीरम एकाच प्लेटवर, प्रत्येक नमुना दोन वेलमध्ये (प्लेटवरच्या खळग्यांत), आणि दोन्ही वेल जुळतात. म्हणजे प्लेटचा दोष नसावा. सकाळी दहा ते बारा. भूल देऊन डोळ्याच्या कोपऱ्यातून. आणि हो, रात्रभर उपाशी होते, कारण त्याच रक्तातून ग्लुकोज नि लिपिडही करायचे होते.

निवृत्त_मास्तर

वा. बऱ्याच दिवसांनी माझ्या कामाचा धागा निघाला. प्राणिशास्त्र शिकवण्यात हयात गेली, त्यामुळे लांबण लागेल. कंटाळा आला तर खाली जा.

चादरवाल्यांच्या मुकादमावर एक शेठ बसलेला असतो, त्याला हायपोथॅलॅमस (मेंदूचाच तळाकडचा एक भाग) म्हणा. त्याचा निरोप म्हणजे टीआरएच. मेंदूच्या तळाशी पिट्युटरीकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांचं एक खास जाळं आहे, त्यातून हा निरोप थेट पोचतो आणि मग टीएसएच सुटतं. टीआरएच म्हणजे जेमतेम तीन अमिनो आम्लांची साखळी, पण ती हाती लागायला किती वर्षं घासावी लागली! रॉजर गिलमाँ मेंढ्यांच्या मेंदूंवर आणि अँड्र्यू शाली डुकरांच्या मेंदूंवर बसले होते. एके काळी एकत्र काम केलेले हे दोघे पुढे हाडवैरी झाले. १९६९ मध्ये दोघांनीही टीआरएचची रचना उलगडली. गिलमाँच्या गटाला १ मिलिग्रॅम टीआरएचसाठी सुमारे ३ लाख मेंढ्यांचे हायपोथॅलॅमस लागले. १९७७ चं नोबेल या दोघांना मिळालं, सोबत रोझलिन यालो. यालोबाईंनी रक्तातले असले सूक्ष्म हॉर्मोन मोजायची पद्धत दिली. ती नसती तर स्लाईडवालींची लॅब नसती आणि हा धागाही नसता.

आता मुद्द्याचं. बहुतेकांच्या डोक्यात एकच तार असते: टी४ कमी, टीएसएच जास्त. ती तार खरीच आहे. पिट्युटरी रक्तातलं टी४ उचलते, स्वतःच्या पेशीत एका एन्झाइमने त्याचं टी३ (त्याच हॉर्मोनचं जास्त जोरकस रूप) करते, आणि ते टी३ टीएसएचचं उत्पादन दाबतं. पण मुकादमाला गप्प करणारे आणखी तिघेजण आहेत. सोमॅटोस्टॅटिन, जे १९७३ मध्ये गिलमाँच्याच प्रयोगशाळेत वाढीच्या हॉर्मोनला रोखणारं म्हणून सापडलं, ते टीएसएचलाही रोखतं. दुसरं डोपामिन. तिसरं ताणाचं हॉर्मोन, उंदरात कॉर्टिकोस्टेरॉन.

या तिसऱ्यावर माझा संशय आहे. उंदराला नळीत कोंडा, अनोळखी खोलीत न्या, त्याचं टीएसएच पडतं. माणसाच्या हाताची सवय नसेल तर नुसता पिंजरा उचलला तरी कॉर्टिकोस्टेरॉन तीनेक मिनिटांत चढायला लागतं. टीएसएच पडायला त्याहून वेळ लागतो. तेव्हा धागाकर्तीला माझा एकच प्रश्न: सहा उंदरांचं रक्त कोणत्या क्रमाने काढलं, आणि शेवटच्याची पाळी येईपर्यंत तो कुठे बसला होता?

स्लाईडवाली

+१. उपासाचंही बोला की मास्तर.

निवृत्त_मास्तर

बोलतो. उपासाने चरबीतून येणारं लेप्टिन घसरतं, ते घसरलं की हायपोथॅलॅमसमधलं टीआरएच आटतं, टीएसएच उतरतं. उपाशी उंदराला बाहेरून लेप्टिन टोचलं तर ही घसरण बरीच थांबते, हे १९९० च्या दशकात दिसून आलं. पोटात नसताना चूल मंद ठेवायची, असा तो हिशोब. हे प्रयोग बहुतेक दोन दिवसांच्या उपासाचे. एका रात्रीत तेवढं होत नसेल, पण उंदीर जेवतोच रात्री. त्याचं रात्रीचं जेवण काढलं म्हणजे आपली दोन्ही जेवणं काढल्यासारखं. तरी यात सहाही उंदीर सारखेच उपाशी होते, म्हणून एकमेकांतल्या फरकाचं खापर यावर फुटणार नाही. सगळेच थोडे खाली आले असतील इतकंच.

सांगोलेकर

३ लाख मेंढरं?? आमच्या वाड्यावर दीडशे आहेत. म्हणजे २००० वाडे लागले की हो एका मिलिग्रॅमला! आज्याला सांगितलं तर म्हणाला, "आन् मटान कुनी खाल्लं?"

(मी पशुवैद्यक, घर धनगराचं. दोन्हीकडचं ऐकावं लागतं.)

मेंढीचा विषय निघालाय म्हणून अवांतर. टीएसएच म्हणजे फक्त थायरॉइडचा मुकादम नाही. पिट्युटरीच्या वरच्या टोकाला एक पातळ पट्टी असते, तीही टीएसएच बनवते. ते थायरॉइडकडे जातच नाही, उलट मेंदूकडे जातं आणि दिवस मोठा झाला की लहान हे तिथे कळवतं. जपानी लावा पक्ष्यात हे २००८ मध्ये नीट दाखवलं गेलं: दिवस लांबला की पहिल्याच दिवशी ते टीएसएच वाढतं, आणि त्यातून विणीच्या हंगामाची तयारी सुरू होते. मेंढ्यांतही तेच यंत्र सापडलं. थंड देशातल्या मेंढ्यांचा हंगाम यावर कडक चालतो, आपल्या दख्खनी मेंढ्या तितक्या बांधलेल्या नाहीत. नान्नजच्या माळावर माळढोक बघायला जाता, तेव्हा पायाखालून भुर्रकन उडणाऱ्या लाव्यांकडेही जरा बघत जा.

तर प्रश्न: तुमच्या अ‍ॅनिमल हाउसचा दिवा टायमरवर आहे का? रात्री वॉचमन लाइट लावत असेल तर उंदराचं घड्याळ बिघडतं. माणसाचं टीएसएच रात्री चढतं, उंदराचं दुपारच्या सुमारास. दहाला आणि बाराला घेतलेलं रक्त म्हणजे एकाच चढावरच्या दोन वेगळ्या पायऱ्या असू शकतात.

विजापूररोडकर

मी इंजिनियर, यातलं कळत नाही, पण उंदीर थंडीत टीएसएच वाढवतो असं वाचलंय. एसीचं काय? का सोलापुरात उंदराला थंडी हा प्रश्नच हास्यास्पद?

निवृत्त_मास्तर

@विजापूररोडकर, मुळीच हास्यास्पद नाही. उंदीर ४ अंशांच्या खोलीत ठेवला की अर्ध्या तासाच्या आत त्याचं टीएसएच वाढलेलं दिसतं. थंडीची वर्दी मेंदूत पोचते, टीआरएच सुटतं. आणि गंमत ऐका. अंगाची ऊब राखायला काहीच जादा खर्च पडू नये, यासाठी उंदराला २८ ते ३० अंश लागतात. आपण त्याला २२ ला ठेवतो, कारण २२ अंश माणसाला बरे वाटतात. म्हणजे जगभरातले प्रयोगशाळेतले उंदीर कायम किंचित कुडकुडत असतात, आणि त्यालाच आपण "नॉर्मल" म्हणतो.

चादरवाला

म्हणजे उंदरासाठी सोलापूरच बरं. एक चादर पाठवू काय? डबल बेड, गॅरंटीड कलर.

विजापूररोडकर

एप्रिलात ४१ असताना उंदरांना एसी, आणि आमच्याकडे दुपारी दोन तास लाइट नाही. पुढचा जन्म विस्टारचा दे रे बाबा.

मुका_जीव

सगळ्यांची चेष्टा चाललीये. सहा जीव गेले त्याचं काय? डोळ्यातून रक्त काढतात हे वाचूनच पोटात कालवलं. एवढं सगळं माहीत आहे तर परत परत तेच प्रयोग कशाला?

पांढरा_उंदीर

@मुका_जीव, तुमचा राग समजतो. पहिल्या दिवशी मीही जेवले नव्हते. प्रत्येक उंदराचा हिशोब एथिक्स कमिटीला द्यावा लागतो, किती नि का, ते आधी लिहून मंजूर करून घ्यावं लागतं. आणि म्हणूनच ते दोन आकडे काढून टाकायला हात धजत नाही. उंदीर गेला तो गेलाच, वर त्याचा आकडाही फेकायचा?

सांगोलेकर

@मुका_जीव, "परत परत तेच" हा मुद्दा मात्र बरोबर आहे. घाईने केलेला प्रयोग पुन्हा करावा लागतो आणि दुप्पट जनावरं लागतात.

शेंगाचटणी

मास्तर, मग थंडीत माझंही टीएसएच वाढतं का? डिसेंबरात तपासलं तेव्हा जरा जास्त होतं. आणि खरं सांगू, रिपोर्ट नॉर्मल असतो तरी अंगात जीव नसल्यासारखं वाटतं. घरात कुणी मनावर घेत नाही.

स्लाईडवाली

मोठ्या माणसात थंडीने टीएसएच उसळत नाही, उंदरासारखं तर नाहीच. नवजात बाळात मात्र उसळतं. आईच्या पोटातल्या उबेतून बाहेर आलं की पहिल्या अर्ध्या तासात त्याचं टीएसएच भडकतं, मग उतरत जातं. म्हणूनच बाळाच्या टाचेतून थायरॉइडसाठी रक्त घेतात ते शक्यतो ४८ तासांनंतर. नाहीतर निरोगी बाळावरही शिक्का बसायचा.

नॉर्मल रिपोर्ट आणि थकव्याबद्दल: थायरॉइड काढलेल्या उंदरांना फक्त टी४ देऊन टीएसएच नॉर्मलवर आणलं, तरी सगळ्या अवयवांतलं टी३ नॉर्मल होत नाही, हे प्रयोगांत दिसलंय. मास्तरांनी वर सांगितलं तेच कारण. पिट्युटरी नि हायपोथॅलॅमस स्वतःपुरतं टी३ झकास बनवून घेतात आणि "माल भरपूर आहे" म्हणून शांत बसतात. बाकीच्या अवयवांना तेवढं मिळतंच असं नाही.

पण काकू, हे वाचून गोळी बदलायची नाही हं! उंदराच्या रक्तातलं टी४ एका दिवसाच्या आत निम्मं होतं, माणसात त्याला आठवडा लागतो. म्हणून तर डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवडे थांबून टीएसएच बघतात. थकव्याला हिमोग्लोबिन, बी१२, झोप, सतरा कारणं असतात. डॉक्टरांना सांगा. आणि गोळीवर लगेच चहा घेता का ते आधी सांगा.

शेंगाचटणी

...पाच मिनिटांत.

स्लाईडवाली

काकू!! अर्धा तास तरी थांबा. तास उत्तम.

बार्शीचा_बेडूक

नाव सार्थ करतो. ताणाने टीएसएच पडतं, हे उंदराचं झालं. बेडकाच्या पिल्लात नेमकं उलटं आहे. शेपटी झडून पाय यायला थायरॉइडचं हॉर्मोन लागतं. १९१२ मध्ये गुडरनाच या शास्त्रज्ञाने बेडूकमाशांना घोड्याची थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली, तर ते वेळेआधीच इवले इवले बेडूक झाले. आणि त्यांच्यात टीएसएच सोडवणारा मुख्य निरोप टीआरएच नसून सीआरएच आहे. म्हणजे उंदरात नि आपल्यात ताणाची साखळी जो सुरू करतो तोच! अमेरिकेतल्या स्पेडफूट बेडकांवर हे तपासलंय: डबकं आटायला लागलं की पिल्लांत सीआरएच वाढतं, थायरॉइड जोरात चालतं आणि ती घाईघाईने पाय काढून बाहेर पडतात. लहानखुरी राहतात, पण जगतात.

आमच्या शेतात पाऊस दडी मारतो तेव्हा चारीतल्या डबक्याभोवती नखाएवढे बेडूक उड्या मारताना दिसतात. लहानपणी वाटायचं, ही वेगळी जात असेल. आपल्याकडच्या जातीत हेच चालतं का ते कुणी मोजलेलं मला माहीत नाही, पण बघताना दरवेळी तेच आठवतं.

चादरवाला

दुष्काळ पडला की पोरगं लवकर कामाला लागतं, तसंच की हे.

सांगोलेकर

चादरवाले, आज फॉर्मात आहात.

पांढरा_उंदीर

मंडळी, नोंदवही सापडली. आणि अ‍ॅनिमल हाउसच्या मामांशी सविस्तर बोलले. आधीच बोलायला हवं होतं.

दोन पिंजरे, तीन-तीन उंदीर. दोन्ही पिंजरे साडेनऊला एकदमच प्रयोगाच्या खोलीत आणले. १ ते ३ आधी, मग ४ ते ६. शेवटच्याची पाळी पावणेबाराला आली. म्हणजे दुसरा पिंजरा दोन तास त्या खोलीत बसून होता, सेंट्रिफ्यूजशेजारी, नि समोर पहिल्या तिघांचं चाललेलं. वर मामा म्हणाले, "त्या दिवशी जनरेटरचं टेस्टिंग नव्हतं का ताई, दोनदा सुरू केला की साडेदहाला!" मी हे नोंदवलंच नव्हतं.

आकडे क्रमाने मांडले. १ आणि २ सगळ्यात वर. ३ मधे. ४ आणि ६ तळाला. मास्तर, तुमचा नेम लागला असं वाटतंय.

पण दोन खडे आहेत. एक, पहिला पिंजरा नेमका एसीच्या तोंडासमोरच्या फळीवर असायचा. म्हणजे १ आणि २ वर आहेत ते लवकर रक्त काढलं म्हणून की गार वाऱ्यात राहिले म्हणून, हे आता वेगळं करता येत नाही. दोन, ५ नंबर. दुसऱ्या पिंजऱ्यातला, तेवढाच वेळ थांबलेला, आणि त्याचा आकडा १ च्या जवळपास!

निवृत्त_मास्तर

शाब्बास. एसीचा खडा तुला स्वतःला दिसला, याचा जास्त आनंद झाला. २२ अंशांचा झोत म्हणजे काही ४ अंशांची खोली नव्हे, मी अजूनही थांबण्याला जास्त दोष देईन. पण या सहा आकड्यांवरून तसं लिहिता येणार नाही. आणि बाराकडे उंदराचं टीएसएच एरवी चढायला हवं, तुझं उतरलंय, हेही टिपून ठेव. गाइडना क्रमवार तक्ता दाखव. "दोन काढ" म्हणणारा माणूस तक्ता बघून सहसा गप्प होतो.

५ नंबरचं सांगता येत नाही. टीएसएच झटक्याझटक्याने सुटतं, एखाद्या झटक्यावर सुई पडली असेल. किंवा गडी बिनघोर असेल.

स्लाईडवाली

पुढच्या वेळी: आदल्या आठवड्यापासून रोज हाताळा, त्याच खोलीत नेऊन आणा. पिंजरे फळीवर फिरवत ठेवा. पाळी चिठ्ठ्या टाकून ठरवा, आणि कंट्रोल, पीटीयू, अर्क असे आलटूनपालटून घ्या, एक गट संपवून दुसरा नाही. एका वेळी एकच उंदीर खोलीत आणा, बाकीचे त्यांच्या जागी. टीएसएचसाठी उपास नकोच. लिपिडसाठी वेगळा दिवस ठेवा. आणि जनरेटरवाल्याला चहा पाजून दुपारी बोलवा.

मुका_जीव

हाताळून सवय लावणार असाल तर बरं. निदान भीती तरी कमी.

पांढरा_उंदीर

तक्ता दाखवला. गाइड पाच मिनिटं बघत राहिले, मग म्हणाले, "सहाही ठेव. क्रम पण छाप." नवीन गटाची परवानगी पहिल्याच मंजुरीत शिल्लक होती, पुढच्या बुधवारपासून हाताळणी सुरू. मामा रोज संध्याकाळी पाच मिनिटं एकेकाला हातावर घेणार आहेत. त्यांनी आत्ताच एकाचं नाव "शेठ" ठेवलंय.

शेंगाचटणी

आज गोळीनंतर पाऊण तासाने चहा घेतला. डोकं चढलंय. वहिनींना मुकादम सांगितला, त्या म्हणतात, "मग माझा मुकादम कुठला गं?"

चादरवाला

ते जाऊ दे, पाच नंबरचं काय झालं बे शेवटी?

पांढरा_उंदीर

काही कळलं नाही. मामांना विचारलं, तर म्हणाले, "तो? तो तर पहिल्यापासून झोपलेलाच असायचा की ताई. जनरेटर सुरू झाला तेव्हा पण झोपलेलाच होता."